‘सोपा’ सामना आणि हृदयाचे रुग्ण : सामन्याच्या दिवशी काय काळजी घ्यावी?

पुणेरी पलटण आणि यू मुंबा यांची लढत म्हटली की पुणे जिल्ह्यातल्या कबड्डीप्रेमींची जेवणाची वेळसुद्धा बदलते. आयपीएलमध्ये मुंबई आणि चेन्नई समोरासमोर आले की तेच होते. त्यातून समोरचा जुना प्रतिस्पर्धी त्या हंगामात गुणतक्त्याच्या तळाशी असेल तर सामन्याआधीच बोलणे सुरू होते : “आजचा सामना तर खिशात आहे.”

रुग्ण आणि नातेवाईकही असेच समजतात. भारत-पाकिस्तान सामना असेल तर घरचे वडिलांना “जास्त ताण घेऊ नका” असे सांगतात. सोप्या वाटणाऱ्या सामन्याला मात्र कोणी काही सांगत नाही. रात्रीची गोळी मागे पडते, जेवण लांबते, भजी आणि फरसाण समोर येते. या लेखात आपण तीन गोष्टी समजून घेऊ : सामना पाहताना शरीरात काय घडते, ‘सोपा’ सामना हृदयासाठी सोपा का नसतो, आणि शिरूर-दौंडसारख्या ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबांनी आधीच कोणती तयारी ठेवावी.

सामना पाहताना शरीरात काय घडते?

आपण खुर्चीत बसलेलो असलो तरी चुरशीच्या क्षणी मेंदू शरीराला ‘धोका आहे, तयार राहा’ असा संदेश देतो. मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात. नाडी वेगाने चालते, रक्तदाब चढतो आणि हृदयाला जास्त प्राणवायू लागतो. त्याच वेळी रक्तातल्या प्लेटलेट पेशी एकमेकींना चिकटण्याची शक्यता वाढते.

निरोगी माणसाचे हृदय हा ताण सहज झेलते. पण ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आधीच चरबीचे थर साचलेले आहेत, त्यांच्यात असा थर अचानक फाटू शकतो. त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि रक्तपुरवठा बंद पडतो. यालाच आपण हार्ट अटॅक म्हणतो.

कॅनडातील मॉन्ट्रियल येथे २०१७ मध्ये आइस हॉकीच्या निरोगी प्रेक्षकांची नाडी मोजण्यात आली. घरी टीव्हीवर सामना पाहणाऱ्यांची नाडी सरासरी ७५ टक्क्यांनी वाढली, तर मैदानात बसलेल्यांची सरासरी ११० टक्क्यांनी. गोल होण्याची संधी आणि जादा वेळ या क्षणी नाडी सर्वांत जास्त होती. म्हणजे शरीर गुणतक्ता पाहत नाही, समोरचा क्षण पाहते.

खरोखर धोका वाढतो का?

२००६ मध्ये जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला. त्या काळात म्युनिक शहर आणि परिसरातील हृदयाच्या तातडीच्या रुग्णांची नोंद डॉक्टरांनी ठेवली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी अशा रुग्णांचे प्रमाण नेहमीच्या २.६६ पट झाले. पुरुषांत ते ३.२६ पट, तर स्त्रियांत १.८२ पट होते. ज्यांना आधीपासून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता, त्यांच्यात ही वाढ सुमारे ४ पट होती. सर्वाधिक रुग्ण सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत आले. जर्मनीच्या ७ पैकी ६ सामन्यांच्या वेळी ही वाढ दिसली, आणि त्यातले बहुतेक सामने जर्मनीने जिंकले होते. म्हणून ‘आपण हरलो तरच त्रास होतो’ हा समज बरोबर नाही.

१९९८ च्या विश्वचषकात इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टी शूटआऊटमध्ये हरले. तो दिवस आणि पुढचे दोन दिवस मिळून इंग्लंडमध्ये हार्ट अटॅकमुळे दाखल होणाऱ्यांची संख्या सुमारे २५ टक्क्यांनी वाढली. म्हणजे त्रास सामना संपल्यानंतरही होऊ शकतो.

हे आकडे वाचून घाबरू नका. सामना पाहणाऱ्या लाखो लोकांपैकी बहुतेकांना काहीही होत नाही. मुळात छोटा असलेला धोका काही तासांसाठी वाढतो, एवढाच याचा अर्थ. ज्यांना आधीपासून आजार आहे, त्यांनी मात्र तो गांभीर्याने घ्यावा.

‘सोपा’ सामना फसवतो कसा?

२१ एप्रिल २०२२ चा मुंबई-चेन्नई सामना आठवा. मुंबईने पहिले सहाही सामने गमावले होते आणि चेन्नईने सहापैकी एकच जिंकला होता. दोन्ही संघ तळाशी होते. तरीही सामना शेवटच्या चेंडूपर्यंत गेला. शेवटच्या षटकात १७ धावा हव्या होत्या आणि महेंद्रसिंह धोनीने शेवटच्या चार चेंडूंत १६ धावा काढून सामना जिंकून दिला. कबड्डीतही असेच होते. आठ-दहा गुणांची आघाडी एका सुपर रेडने आणि एका ऑल आऊटने वितळते.

सोप्या सामन्यात दोन गोष्टी एकत्र येतात. पहिली, मन गाफील असते आणि कलाटणी अचानक मिळते. दुसरी आणि जास्त महत्त्वाची, ‘आज काही ताण नाही’ या समजुतीने आपण नेहमीचे नियम मोडतो. गोळी उशिरा घेतली जाते, खारट-तळकट जास्त खाल्ले जाते, मित्र जमले की दारू आणि सिगारेट होते, झोप कमी होते. सिगारेटमुळे हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात. जास्त मिठामुळे रक्तदाब वाढतो आणि अशक्त हृदय असलेल्यांना धाप लागू शकते. दारूमुळे हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. सामन्यावर पैसे लावलेले असतील तर ताण आणखी वाढतो.

कोणी विशेष जपावे?

• ज्यांना पूर्वी हार्ट अटॅक आला आहे किंवा ज्यांची अँजिओप्लास्टी वा बायपास झाली आहे
• चालताना किंवा जिना चढताना ज्यांच्या छातीत दाब येतो
• ज्यांचा रक्तदाब किंवा साखर आटोक्यात नाही
• हृदयाचे पंपिंग कमी असलेले किंवा ठोके अनियमित असलेले रुग्ण
• पूर्वी पक्षाघात झालेले रुग्ण
• तंबाखू किंवा सिगारेटचे व्यसन असलेले, विशेषतः घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असलेले

ज्यांना गेल्या काही आठवड्यांत हार्ट अटॅक आला आहे, त्यांनी थेट सामना पाहावा की नाही हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

सामन्याच्या दिवशी काय करावे?

१. गोळ्या सामन्याच्या वेळेवर नको, घड्याळावर घ्या. आयपीएलचा संध्याकाळचा सामना साडेसातला सुरू होतो आणि अकराच्या पुढे जातो. “सामना संपल्यावर घेतो” म्हटलेली गोळी बहुतेक वेळा राहूनच जाते. मेटोप्रोलॉलसारखी ठोके नियंत्रित करणारी गोळी अचानक बंद केल्यास नाडी आणि रक्तदाब उसळू शकतात. स्टेंट बसवला असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकवू नये.

२. मधुमेह असेल तर जेवण लांबवू नका. इन्सुलिन घेऊन जेवण पुढे ढकलले की साखर खाली येते. घाम, थरथर आणि धडधड ही तिची लक्षणे सामन्याच्या उत्साहात लक्षात येत नाहीत. सामन्याआधीच भाजी-भाकरी किंवा वरण-भात पोटभर खाऊन घ्या.

३. समोरची ताटली बदला. फरसाण, वेफर्स, पापड यांऐवजी भाजलेले फुटाणे, काकडी किंवा फळ ठेवा. मधुमेह असलेल्यांनी फळ बेतानेच घ्यावे. पाणी मध्ये मध्ये प्या. पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिले असेल तर तेच पाळा.

४. एका जागी चार तास बसू नका. दोन डावांच्या मधल्या वेळेत आणि कबड्डीच्या मध्यंतरात उठून अंगणात फेरी मारा.

५. धडधड वाढली तर खोलीबाहेर या आणि संथ श्वास घ्या : चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. पाच मिनिटांत आराम पडला पाहिजे.

६. रक्तदाब शेवटच्या षटकात मोजू नका. तो चढलेलाच दिसेल आणि त्याची नवी भीती वाटेल. पाच मिनिटे शांत बसल्यानंतरच मोजा.

७. विजयाचा जल्लोष करताना दारू पिऊन दुचाकी चालवू नका. रात्रीच्या अपघाताचे हे मोठे कारण आहे.

ही लक्षणे दिसली तर सामना तिथेच सोडा

• छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटणे
• दुखणे डाव्या हातात, खांद्यात, पाठीत, मानेत किंवा जबड्यात जाणे
• अचानक गार घाम, धाप, मळमळ किंवा चक्कर
• तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे (ही पक्षाघाताची लक्षणे आहेत)

स्त्रिया, वयस्कर माणसे आणि मधुमेही यांच्यात छातीत दुखणे नसतानाही हार्ट अटॅक येऊ शकतो. त्यांना फक्त धाप, थकवा किंवा ‘गॅस झाल्यासारखे’ वाटते. “भजी बाधली असतील” म्हणून सोडा किंवा ओवा देत बसू नका.

डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी दिली असेल तर ती बसून घ्यावी, उभ्याने नाही. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर लगेच १०८ ला फोन करा. लैंगिक क्षमतेसाठीची सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल ही गोळी गेल्या एक-दोन दिवसांत घेतली असेल तर सॉर्बिट्रेट घेऊ नये, रक्तदाब धोकादायकरीत्या खाली येऊ शकतो. ही गोष्ट रुग्णाने लाजेखातर लपवू नये आणि घरच्यांनीही त्यावरून रागावू नये.

रुग्ण बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला तर १०८ ला फोन लावून लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाब देणे सुरू करा. वेग मिनिटाला १०० ते १२० आणि खोली सुमारे ५ ते ६ सेंटिमीटर असावी. मदत येईपर्यंत थांबू नका.

शिरूर-दौंडच्या कुटुंबांसाठी : अंतराचा हिशेब

शिरूर आणि दौंड दोन्ही पुण्यापासून साधारण ६५ ते ८० किलोमीटरवर आहेत. शिरूरहून निघाले तर शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोली इथली वाहतूक सगळ्यांना ठाऊक आहे. दौंडहून सोलापूर रस्त्याने हडपसर गाठायलाही वेळ लागतो. हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी बंद राहील तितका वेळ हृदयाचे स्नायू मरत जातात. म्हणून “शेवटची दोनच षटके राहिलीत, मग जाऊ” हे वाक्य सर्वांत महागात पडते.

अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देणे हा मान्य उपचार आहे. पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा सर्वाधिक फायदा होतो. त्यामुळे परस्पर पुण्याचा रस्ता धरण्याऐवजी आधी जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून घ्या. ईसीजी रुग्ण पोहोचल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा. दौंडमधून “पुढची गाडी पकडून जाऊ” असा विचार करू नका. रेल्वेच्या डब्यात ना ईसीजी असतो, ना इंजेक्शन. रुग्णाने स्वतः गाडी किंवा मोटारसायकल चालवत जाणेही धोक्याचे आहे.

हे आजच करून ठेवा :

• आपल्या गावाजवळ २४ तास ईसीजी आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन कुठे मिळते, जवळची अँजिओप्लास्टीची सोय कुठे आहे, हे पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारा आणि कागदावर लिहून भिंतीवर लावा.
• जुना ईसीजी, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची यादी आणि आधार कार्ड एकाच पिशवीत ठेवा.
• वस्तीवर किंवा मळ्यात राहत असाल तर १०८ च्या गाडीला सांगायची खूण ठरवून ठेवा, उदाहरणार्थ मंदिर, पाण्याची टाकी किंवा शाळा.
• सामना पाहायला जमलेल्यांपैकी एकाने दारू न पिता गाडी चालवण्याच्या स्थितीत राहायचे, हे आधीच ठरवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हृदयाच्या रुग्णाने सामना पाहणेच बंद करावे का?
नाही. आजार स्थिर असेल, गोळ्या नियमित असतील आणि दोन मजले चढून त्रास होत नसेल, तर बहुतेक रुग्ण सामना पाहू शकतात. चार मित्रांसोबत सामना पाहण्याचा आनंद मनाला चांगलाच असतो.

सामन्याआधी खबरदारी म्हणून जादा गोळी घ्यावी का?
स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी जास्त घेऊ नका. ताण फार जाणवत असेल तर डॉक्टरांशी आधी बोला.

वडील ऐकत नाहीत, काय करावे?
टीव्ही बंद करून वाद घालू नका, त्यानेही रक्तदाब वाढतो. सामना सुरू होण्याआधी त्यांच्या हातात जेवणाचे ताट आणि गोळी द्या, मग शेजारी बसून सामना पाहा. त्यांचा चेहरा उतरला किंवा घाम आला तर तो सर्वांत आधी तुम्हालाच दिसेल.