मांजरीच्या पिलांचें उष्टावण

मांजर आपलीं पिलें सात घरें फिरविते, अशी समजूत महाराष्ट्रांत सर्वत्र आढळते. गोंदिया जिल्ह्यांत या फिरतीला सोयीच्या जागा पुष्कळ आहेत. हा धानाचा मुलूख. घरोघरीं धानाच्या कोठ्या आणि गांवोगांवीं भाताच्या गिरण्या. धान आलें कीं त्यामागून उंदीर येतात, आणि उंदरांमागून मांजर. कोठीआड पिलें सांपडलीं म्हणजे मुलें हरखतात, आणि घरांतील आजी एका परळांत दूधभात कालवून प्रेमानें त्यांच्यापुढें ठेवते. हेतु निर्मळ असतो. परंतु कित्येक पिलें दगावतात तीं याच दिवसांत, आणि कधीं कधीं याच परळापायीं.

माणसाच्या मुलाचें उष्टावण सहाव्या महिन्याच्या सुमारास होतें. मांजरीच्या पिलाचें चौथ्या आठवड्यांत येतें. जन्मतः पिलूं सुमारें १०० ग्रॅम वजनाचें असून त्याचे डोळे मिटलेले असतात. आठ-दहा दिवसांनीं ते उघडतात. तिसऱ्या आठवड्यांत पुढचे बारीक दांत दिसूं लागतात, व त्यामागून सुळे येतात. पुढें आई दूध पाजतांना मधूनच उठून जाऊं लागते. हा तिचा निष्ठुरपणा नव्हे. पिलानें आतां दुसऱ्या अन्नाकडे वळण्याची वेळ आली, एवढाच त्याचा अर्थ.

मग दूधभातांत दोष कोणता? गाईम्हशींच्या दुधांत मांजरीच्या दुधापेक्षां प्रथिनें कमी आणि दुग्धशर्करा अधिक असते. ती शर्करा पुष्कळ पिलांच्या आंतड्यांना झेपत नाहीं व हगवण लागते. मुठीएवढ्या देहांतलें पाणी पाहतां पाहतां निघून जातें. भात हें विष नव्हे. पण मांजर हा निखळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नांवाचें द्रव्य त्याला आपल्या शरीरांत पुरेसें बनवितां येत नाहीं. तें मांसांतून वा मासळींतून मिळवावें लागतें. त्याच्या अभावीं डोळ्यांतील पडदा झिजतो हें १९७५ मध्यें, आणि हृदय दुर्बळ होतें हें १९८७ मध्यें अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखवून दिलें. भातानें पिलाचें पोट फुगतें, अंग भरत नाहीं.

सुदैवानें या जिल्ह्यांत उपाय दाराशींच आहे. मालगुजारीच्या काळापासूनचे मामा तलाव आणि शेताकडेच्या बोड्या येथें जागोजाग आहेत, आणि धीवरांच्या जाळ्यांतील मासळी बाजारांत येते. अशी थोडी मासळी मीठमसाल्यावांचून उकडावी, प्रत्येक कांटा काढावा, आणि तिच्याच पाण्यांत ती पेजेसारखी पातळ कालवावी. कोंबडीचें उकडलेलें मांसहि असेंच बारीक करून चालतें. हें अन्न कोंबट असावें व पसरट ताटलींत द्यावें. पहिल्या दिवशीं तें बोटाला लावून पिलाच्या ओठांशीं धरावें. तोंड ताटलींत दाबूं नये. अन्न नाकांत जाऊन फुप्फुसांत शिरण्याचा धोका असतो. दिवसांतून चार वेळां एकेक चमचा पुरे. उरलेलें लगेच उचलावें, कारण येथील उन्हाळ्यांत तें लवकर नासतें. पांचव्या आठवड्यांत कालवण घट्ट करावें, सहाव्यांत बारीक तुकडे द्यावे. आठव्या आठवड्याच्या सुमारास दूध सुटतें. स्वच्छ पाणी मात्र पहिल्यापासून जवळ असावें.

कांहीं पथ्यें पाळावीं. कच्ची मासळी देऊं नये. कार्प कुळांतील कांहीं माशांत ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारें द्रव्य असतें, तें शिजविल्यानें निकामी होतें. रोज केवळ मासळीच न देतां मधूनमधून कोंबडी, उकडलेलें अंडें द्यावें. घरच्या रश्श्यांतला मासा तर टाळावाच. त्यांतील कांदा व लसूण मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करतात. खारवलेली सुकटहि पिलांच्या कामाची नव्हे.

या सर्वांहून मोठी मदत आईची. ताटली ठेवावी ती तिच्या शेजारीं. ती खाऊं लागली कीं पिलें पुढें सरकतात. १९७८ मध्यें वांडा विर्विका यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत केळें खाण्यास शिकविलेल्या मांजरींचीं पिलेंहि केळें खाऊं लागलीं. इतकें हें अनुकरण बलवत्तर! आई प्रथम मेलेला उंदीर आणते, पुढें अर्धमेला, आणि शेवटीं जिवंत. ही शाळा माणसाला चालवितां येत नाहीं. म्हणून आठ आठवड्यांपूर्वीं पिलूं आईपासून तोडूं नये. आई मेलीच असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्यानें पिलांसाठींच तयार केलेलें दूध द्यावें.

पिलूं रोज तराजूंत ठेवून पाहावें. दिवसाला दहाएक ग्रॅम वजन वाढत असेल तर सर्व ठीक चाललें आहे. वजन घटलें, हगवण लागली वा पिलूं अन्नाकडे वळेनासें झालें, तर दवाखाना गांठण्यास उद्यांची वाट पाहूं नये. आजीचें प्रेम तेंच असूं द्यावें. परळांतील घास तेवढा बदलावा.