एका दिवसाची पचमढी

नागपूरच्या जुन्या घरांतून पचमढीचे नाव दोन निरनिराळ्या सुरांत ऐकू येत असे. मध्यप्रांताची राजधानी नागपूरला होती तेव्हा उन्हाळा लागला की सरकारी दप्तरे सातपुड्यावर चढत आणि त्यांच्यामागून नोकरदारांची बिऱ्हाडेही जात. त्या घरांना पचमढी म्हणजे थंड हवा. उलट, विदर्भातील शेतकरी कुटुंबांना पचमढी म्हणजे मोठा महादेव : महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडची वाट धरायची, नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची यात्रा करायची. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पचमढी मध्यप्रदेशात राहिली. तथापि या दोन्ही ओढी टिकून आहेत. भोपाळ, जबलपूर, इंदूर येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही त्या आढळतात, आणि पुष्कळदा एकाच मोटारीत शेजारी शेजारी बसून येतात. आजीला नवसाचा त्रिशूळ वाहायचा असतो, नातवाला धबधब्याखाली उभे राहायचे असते, आणि मधल्या पिढीच्या हाती रजेचा एकच दिवस असतो.

हा एक दिवस बहुधा फसतो तो आळसाने नव्हे, तर भूगोलाच्या अज्ञानाने. डोंगरावरची सहल म्हटली की मनात एक ठराविक चित्र उभे राहते : सकाळी ताज्या पायांनी चढावे, दुपारी माथ्यावर शिदोरी सोडावी आणि संध्याकाळी थकल्या पायांनी उतरावे. पचमढीत हा क्रम उलटा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६७ मीटर उंचीवरचे हे पठार वालुकाश्माचे आहे. गोंडवन काळातील, सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या आगेमागे थरांवर थर बसून घडलेला हा खडक पाण्याने कोरला जातो, आणि जिथे जिथे ओढ्याला फट सापडली तिथे तिथे त्याने पठाराच्या अंगात खोल घळ पाडली आहे. गाव वर सपाटीवर, आणि त्याची शोभा मात्र बव्हंशी खाली, अशी ही रचना. धबधबा पाहायचा तर आधी उतरायचे, आणि मग दमलेल्या अंगाने चढून यायचे. उतरताना पाय हलके असतात, गप्पा रंगतात, ‘अजून थोडे पुढे जाऊ’ असे कोणीतरी म्हणतेच. त्या ‘थोड्या’चे मोल परतीच्या पायऱ्यांवर मोजावे लागते.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशेब सांगितला होता. सपाटीवर तीन मैलांना एक तास धरावा, आणि चढाच्या प्रत्येक दोन हजार फुटांना आणखी एक तास जोडावा. हा हिशेब धडधाकट माणसाचा, तोही न थांबता चालणाऱ्याचा. ज्या मंडळीत गुडघे दुखणारी आजी आणि दर वळणावर खारीमागे धावणारे मूल आहे, तिने तो दुप्पट धरला तरी चूक होणार नाही. मंडळीचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा असतो, ही गोष्ट निघण्यापूर्वी घरातच ठरलेली बरी. पायऱ्यांवर ठरू लागली म्हणजे रागलोभ होतात.

म्हणून पचमढीची आखणी करताना पहिला प्रश्न ‘काय काय पाहायचे’ हा नसून ‘कोणती एक उतरण किंवा चढण करायची’ हा आहे. चौरागड निवडला तर धबधबा सोडावा लागतो. बडा महादेवाच्या गुहेपासून चौरागडची वाट साडेतीन-चार किलोमीटरांची आहे आणि तिच्यात तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. वर भाविकांनी वाहिलेल्या त्रिशुळांचे अक्षरशः रान उभे आहे. वयस्क माणसासह जाऊन-येऊन अर्धा दिवस सहज लागतो. ज्यांना इतके चालवणार नाही, त्यांना बडा महादेव आणि जवळचा गुप्त महादेव ही दोन्ही स्थाने थोड्या श्रमात घडतात. गुप्त महादेवाकडे जाणारी खडकातील फट इतकी अरुंद आहे की अंग आडवे करूनच आत शिरावे लागते. मात्र नवस चौरागडचा असेल तर तो खाली फेडा असे आजीला सांगण्यात अर्थ नाही. त्या घरातील दिवस आजीचा, हे मोकळेपणाने मान्य करावे आणि नातवाला धबधब्यासाठी पुन्हा आणावे.

नवस नसेल तर सकाळ बी फॉल उर्फ जमुना प्रपातासाठी राखावी. पायऱ्या उभ्या आहेत, परंतु सकाळी त्यांच्यावर सावली असते आणि गर्दी कमी असते. कड्यांवर आग्यामोहोळे असतात. तेथे धूर करू नये, दगड भिरकावू नये. गावाला पिण्याचे पाणी पुरवणारा हा ओढा आहे, तेव्हा साबण घेऊन उतरण्याची हौस घरीच ठेवावी.

दुपार चालण्याची नव्हे, पाहण्याची वेळ. हांडी खोह ही सुमारे तीनशे फूट खोल घळ कठड्यावरूनच पाहायची असते, आणि सूर्य माथ्यावर असतानाच तिच्या तळापर्यंत उजेड पोचतो. सकाळी लवकर गेलेल्या प्रवाशाला केवळ काळोखाची विहीर दिसते. गावाजवळ खडकात कोरलेल्या पांडव लेण्या आहेत. लोक त्यांचा संबंध पांडवांशी जोडतात आणि ‘पंचमढी’ म्हणजे पाच मठ्या अशी नावाची फोड सांगतात. अभ्यासक त्या बौद्ध भिक्षूंच्या मानतात. १८६२ मध्ये कॅप्टन जेम्स फॉर्सिथने बांधलेले बायसन लॉज आज वनखात्याचे संग्रहालय आहे. फॉर्सिथने पचमढीचा ‘शोध’ लावला असे मार्गदर्शक पुस्तकांत छापलेले असते. त्या वेळी कोरकू लोक येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते आणि महादेवाचे यात्रेकरूही येत होते. त्यांना आपला मुलूख हरवला आहे हे ठाऊक नसावे.

या फेरीत झाडांकडेही लक्ष द्यावे. सातपुड्याचा हा भाग सागाचा, परंतु पचमढीच्या पठारावर सालवृक्षांचे एक वेगळे बेट आहे. साग आणि साल इतक्या जवळ पाहण्याची संधी फारशी कोठे मिळत नाही. हे वन आता सातपुडा व्याघ्रप्रकल्पाच्या संरक्षणात असून १९९९ मध्ये भोवतालचा प्रदेश जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. त्यामुळे काही स्थळांना वनखात्याचा परवाना आणि स्थानिक जीपगाडी लागते. नियम व वेळा ऋतुमानाप्रमाणे बदलतात. पोचल्याबरोबर पहिले काम ही चौकशी. परवान्याच्या खिडकीपाशी गेलेला तास दिवसाच्या हिशेबात आधीच धरावा.

संध्याकाळ धूपगडाची. सुमारे १,३५० मीटर उंचीचे हे सातपुड्याचे सर्वोच्च शिखर. आणि येथेच काय ती सोय आहे, की जीप जवळजवळ माथ्यापर्यंत जाते, त्यामुळे थकलेल्यांनाही सूर्यास्त घडतो. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, मे महिन्याच्या अखेरीस पावणेसात वाजून जातात. सव्वा तासाचा हा फरक विसरून हिवाळ्यात उन्हाळ्याची आखणी करणारे वाटेतच सूर्यास्त पाहतात. हिवाळ्यात सूर्य गेला की थंडी एकदम अंगावर येते. शाल गाडीत नव्हे, हातात असावी.

ऋतूविषयी मतभेद असतात. पावसाळ्यात धबधबे भरून वाहतात, परंतु धुके कडे झाकते आणि पायऱ्या निसरड्या होतात. उन्हाळ्यात हवा सुखाची, पण प्रपात रोडावलेले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणीही असते आणि दूरवरचे दिसतेही. एकाच दिवसाचा प्रश्न असेल तर हेच महिने निवडावेत. नागपंचमीची आणि शिवरात्रीची गर्दी मात्र यात्रेकरूंची आहे. सहलीला येणाऱ्याने त्या दिवसांत त्यांच्या वाटेत येऊ नये.

राहिली परत फिरण्याची गोष्ट. जबलपूर-इटारसी लोहमार्गावरील पिपरिया स्थानक सुमारे पन्नास किलोमीटर खाली आहे आणि मटकुलीपर्यंतचा रस्ता घाटाचा. नागपूरहून छिंदवाडा-तामियामार्गे येणारेही मटकुलीलाच हा घाट धरतात. धूपगडावरून गावात येऊन, सामान आवरून, अंधारात घाट उतरायचा म्हणजे हिवाळ्यातही साडेआठच्या आत पिपरिया गाठणे कठीण. नऊच्या आधी सुटणाऱ्या गाडीचे तिकीट काढलेले असेल, तर धूपगड वगळून तिसऱ्या प्रहरीच निघावे, आणि हे जीपवाल्याला सकाळी गाडीत बसतानाच सांगून ठेवावे.