गाडीचा पिवळा दिवा, फोनमधला कोड आणि उणे ४० अंश

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. चावी फिरवली की तो पेटतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. एखाद्या दिवशी मात्र तो विझतच नाही आणि आपल्या पोटात गोळा येतो. याच दिव्याला 'चेक इंजिन लाईट' म्हणतात. आता तो का पेटला हे आपल्या फोनवरही वाचता येतं. फक्त वाचलेल्या कोडचा अर्थ नीट लावावा लागतो, नाहीतर चांगला पार्ट फेकून नवा बसवला जातो आणि बिघाड तसाच राहतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं.

गेल्या मे महिन्यात बाबा आणि मी पुण्याहून साताऱ्याकडे निघालो होतो. गाडी २०१४ ची, पेट्रोल हॅचबॅक. खंबाटकी घाट चढताना पिवळा दिवा लागला आणि रेडिएटरचा पंखा जोरात फिरायला लागला, तो थांबेचना. गाडी बाजूला घेऊन बोनेट उघडलं. वाफ नाही, गळती नाही, कूलंटची पातळी बरोबर. हळूहळू पुढे जाऊन एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथे स्कॅनर लावला, "टेंपरेचर सेन्सर गेला" म्हणाले, नवा बसवला आणि १८०० रुपये घेतले. दिवा विझला. चार दिवसांनी पुण्यात एका स्पीडब्रेकरवर गाडी आपटली आणि दिवा पुन्हा हजर!

तेव्हा मी ऑनलाइन सातशे रुपयांचा एक ब्लूटूथ अडॅप्टर मागवला.

हा अडॅप्टर नक्की काय करतो?

गाडीत इंजिनावर लक्ष ठेवणारा एक छोटा कॉम्प्युटर असतो, त्याला ईसीयू म्हणतात. तापमान, हवा, इंधन, धूर अशा गोष्टींचे सेन्सर त्याला सतत माहिती पाठवतात. माहितीत काही विचित्र दिसलं की तो एक कोड साठवतो आणि दिवा लावतो. हे कोड बाहेरून वाचण्याच्या ठरलेल्या पद्धतीला 'ओबीडी-टू' म्हणतात. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना ती सक्तीची झाली. भारतात एप्रिल २०१३ पासून बीएस-फोर गाड्यांना ती लागू झाली. म्हणजे तुमची गाडी त्यानंतरची असेल तर हे काम घरी जमण्याची शक्यता खूप आहे.

ड्रायव्हरच्या बाजूला, स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास १६ पिनांचं एक सॉकेट असतं. कधी ते छोट्या झाकणामागे किंवा फ्यूज बॉक्सशेजारी लपलेलं असतं. अडॅप्टर तिथे लावायचा, इग्निशन ऑन करायचं, फोनशी पेअर करायचं आणि अ‍ॅप उघडायचं. अँड्रॉइडवर 'टॉर्क' किंवा 'कार स्कॅनर' चालतं. आयफोन असेल तर अडॅप्टर घेतानाच लक्ष द्या. साधा ब्लूटूथवाला अडॅप्टर बहुतेक वेळा आयफोनला जोडला जात नाही, वाय-फाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला घ्यावा लागतो.

कोड कसा वाचायचा?

कोडमध्ये एक इंग्रजी अक्षर आणि पुढे साधारण चार आकडे असतात. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, 'सी' म्हणजे ब्रेक-सस्पेन्शनसारख्या चेसिसच्या गोष्टी, 'बी' म्हणजे बॉडी (एअरबॅग, एसी वगैरे) आणि 'यू' म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं. अक्षरानंतर ० असेल तर तो सगळ्या कंपन्यांचा सामाईक कोड असतो. तिथे १ असेल तर बहुधा त्या कंपनीचा स्वतःचा, आणि त्याचा अर्थ दुसऱ्या कंपनीच्या यादीत शोधून उपयोग नाही.

नेहमी भेटणारे काही कोड असे:

- पी०३०१ ते पी०३०४: त्या नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही.
- पी०४२०: कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम अपेक्षेपेक्षा कमी.
- पी०१२८: इंजिन हवं तितकं गरम होत नाही. संशय थर्मोस्टॅटवर.
- पी०५६२: व्होल्टेज कमी. बॅटरी, अल्टरनेटर, बेल्ट किंवा ढिलं कनेक्शन.
- पी०११८: कूलंटच्या तापमान सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त.

आमच्या गाडीत हा शेवटचाच कोड होता. त्याच्या वर्णनात 'सेन्सर खराब' असं कुठेही लिहिलेलं नाही. शब्द आहे 'सर्किट', आणि सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचं कनेक्टर आणि ईसीयूपर्यंत जाणाऱ्या वायरी, सगळं मिळून. कोड म्हणजे गाडीची तक्रार असते. कुठला पार्ट बदलायचा याचा निकाल कोड देत नाही. तुम्ही डॉक्टरांना "पोट दुखतंय" सांगता, तेव्हा ते लगेच ऑपरेशन करत नाहीत. आधी तपासतात. इथेही तसंच.

मे महिन्यात उणे ४०!

अ‍ॅपमध्ये कोडशिवाय 'लाईव्ह डेटा' असतो. तिथे मी कूलंटचं तापमान बघितलं. अर्धा तास चाललेली गाडी, पुण्यातली मे महिन्यातली दुपार आणि आकडा दिसत होता उणे ४० अंश सेल्सिअस.

आधी हसू आलं, मग कारण शोधलं. या सेन्सरमध्ये तापमानानुसार बदलणारा विद्युतरोध असतो. इंजिन थंड असेल तर रोध जास्त, गरम असेल तर कमी. वायर तुटली की वीज वाहतच नाही, म्हणजे रोध जणू अमर्याद. ईसीयूला वाटतं, बाप रे, भयंकर थंडी! मग तो मोजपट्टीचं सगळ्यात खालचं टोक दाखवतो आणि बऱ्याच गाड्यांत ते टोक उणे ४० असतं. हा आकडा अशक्य असल्याचं ईसीयूच्याही लक्षात येतं, म्हणून तो दिवा लावतो आणि इंजिन तापू नये यासाठी पंखा सतत चालू ठेवतो. घाटात पंखा का थांबत नव्हता, ते आत्ता कळलं.

ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांना स्क्रीनशॉट पाठवला. त्यांनी सेन्सरचं कनेक्टर काढलं, त्याच्या दोन पिना एका वायरच्या तुकड्याने जोडल्या आणि मला फोनवर आकडा बघायला सांगितला. वायरिंग धड असती तर आकडा उणे ४० वरून एकदम वरच्या टोकाला गेला असता. तो जागचा हलला नाही. म्हणजे दोष सेन्सरच्या अलीकडे, वायरमध्ये. (हा प्रयोग स्वतः करू नका. चुकीच्या पिना जोडल्या तर ईसीयूचं नुकसान होऊ शकतं.)

वायरिंगची टेप सोडली तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमधल्या उंदराचे दात दिसले. एक वायर कुरतडून जेमतेम एका तारेवर लटकत होती. खड्ड्यात गाडी हादरली की संपर्क तुटायचा. साताऱ्यात सेन्सर बदलताना वायर हलली आणि चार दिवस जुळून राहिली, एवढंच. जोड, सोल्डर, टेप, सगळे मिळून २०० रुपये. जुना सेन्सर बहुधा चांगलाच होता.

पैशांपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीची जास्त भीती वाटली. आमच्या गाडीत तापमानाचा काटा नाही, फक्त लाल दिवा आहे. तो दिवा याच सेन्सरच्या माहितीवर पेटतो. म्हणजे वायर तुटलेली असताना घाटात कूलंट खरंच गळलं असतं, तर आम्हाला लाल दिवा दिसलाच नसता. इंजिन तापत राहिलं तर हेड गॅस्केट जातं, सिलिंडर हेड वाकतं आणि बिल हजारांत येतं. म्हणून "पिवळाच आहे, चालतंय" असं म्हणून महिनोन्‌महिने फिरू नका.

दिवा पेटला तर लगेच काय करायचं?

१. पिवळा, स्थिर: गाडी नीट चालत असेल तर सावकाश मुक्कामाला जा आणि एक-दोन दिवसांत कोड वाचा.

२. पिवळा, लुकलुकणारा: मिसफायर जोरात आहे. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळू शकतं. अ‍ॅक्सिलरेटर कमी करा, सुरक्षित जागा बघून थांबा.

३. लाल, तापमानाचा किंवा ऑइलच्या किटलीचा: इथे कोडबिड नंतर. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, आतलं उकळतं पाणी दाबाने अंगावर येतं. पूर्ण थंड झाल्यावरच कूलंट बघा. ऑइलचा दिवा असेल तर डिपस्टिकवर पातळी बघा आणि दिवा विझत नसेल तर इंजिन पुन्हा सुरू न करता गाडी टो करून न्या.

कोड पुसण्याआधी स्क्रीनशॉट

अ‍ॅपमध्ये 'क्लिअर' बटण असतं आणि बोट तिकडे वळवळतंच. थांबा. कोडसोबत ईसीयू बहुतेक वेळा 'फ्रीझ फ्रेम' साठवतो. बिघाड झाला त्या क्षणी वेग किती, आरपीएम किती, तापमान किती, याचा तो फोटोच समजा. कोड पुसला की हेही जातं. बॅटरीची वायर काढून ठेवली तरी सहसा जातं. म्हणून आधी कोड, फ्रीझ फ्रेम आणि लाईव्ह डेटा या तिघांचे स्क्रीनशॉट काढा, मगच पुढे जा. आणि कोड पुसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. कारण तसंच असेल तर दिवा परत येणार.

दिवा नसतानाही करता येतील अशा दोन तपासण्या

पहिली, तापमानाची. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी फक्त इग्निशन ऑन करा. कूलंट आणि आत येणारी हवा यांची तापमानं जवळपास सारखी दिसायला हवीत. मग गाडी चालवा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत आकडा चढत जाऊन ८५ ते १०५ च्या दरम्यान खेळतो. बराच वेळ साठच्या आसपासच रेंगाळला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असू शकतो. ११० च्या पुढे चढतच राहिला तर एसी बंद करा आणि गाडी थांबवा. आकडे शेजारी बसलेल्याने बघायचे, चालवणाऱ्याने नाही.

दुसरी, व्होल्टेजची. इंजिन बंद आणि गाडी काही तास उभी असेल तर साधारण १२.४ ते १२.७ ठीक. इंजिन चालू असताना बहुधा १३.५ ते १४.७. चालू गाडीतही आकडा बाराच्या आसपासच राहिला तर बॅटरी बदलण्याआधी अल्टरनेटर आणि बेल्ट तपासून घ्या. काही नव्या गाड्या मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतात, म्हणून एकदाच बघून निष्कर्ष काढू नका.

फोनला न दिसणाऱ्या गोष्टी

ब्रेक पॅड किती झिजले, क्लच प्लेट किती उरली, टायरला चीर आहे का, कूलंट गळतंय का, हे साध्या स्कॅनरला सहसा कळत नाही. इंजिन ऑइलची पातळीही बहुतेक गाड्यांत डिपस्टिकच सांगते. कोड नाही म्हणजे गाडी ठणठणीत, असं समजू नका. आठवड्यातून एकदा, इंजिन थंड असताना बोनेट उघडा. ऑइल आणि कूलंटच्या पातळ्या बघा, आणि लेंड्या, कापसाचे बोळे, कुरतडलेली टेप दिसतेय का तेही बघा. पावसाळ्यात तर नक्कीच, कारण उंदरांनाही कोरडी, उबदार जागा हवी असते.

अडॅप्टर सॉकेटमध्ये कायमचा ठेवू नका. तिथे बॅटरीची वीज गाडी बंद असतानाही येते, त्यामुळे गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते. शिवाय स्वस्त अडॅप्टरचा पिन सहसा १२३४ किंवा ०००० असतो, म्हणजे जवळचा कोणीही जोडू शकतो. आणि अ‍ॅप कॉन्टॅक्ट्स किंवा मेसेजची परवानगी मागत असेल तर सरळ नकार द्या, कोड वाचायला त्यांची गरज नाही.

शेवटचं, मेकॅनिकशी बोलण्याबद्दल. सातशे रुपयांचा अडॅप्टर घेऊन त्यांना शिकवायला जाऊ नका. त्यांच्या हाताला जे कळतं ते आपल्या स्क्रीनवर येत नाही. स्क्रीनशॉट दाखवा आणि एवढंच विचारा, "पार्ट बदलायच्या आधी वायरिंग आणि कनेक्टर तपासता का?" आणि पार्ट बदललाच तर जुना परत मागून घ्या. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने चिडत नाही. आमचे काका तर आता फोन केला की आधी विचारतात, "स्क्रीनशॉट काढलास ना?"