थंडीतली दुर्बीण थेट घरात नेऊ नका

निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. अशा सकाळी बागेत गोडी मोजायला आपण रिफ्रॅक्टोमीटर घेऊन जाता. पंचनाम्याला निघालेल्यांच्या हाती कॅमेरा असतो, चारीचं काम चालू असेल तर लेव्हलची दुर्बीण. बांधावर काही बिघडत नाही. घोटाळा होतो तो घरी आल्यावर. चहा उकळतोय, अंघोळीचं पाणी तापतंय, आणि आत पाऊल टाकताच काच धुरकट!

हे दवच, वेलीच्या पानावर पडतं तेच. घरात २५ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर साधारण १४ अंशांहून गार वस्तूवर हवेतल्या वाफेचं पाणी होतं. ८ अंशांत तासभर राहिलेलं यंत्र ओलं होणारच. वरची ओल पुसता येते, पण भिंगांच्या मध्ये शिरलेली कोण पुसणार? पान जितका वेळ ओलं तितकी डाऊनीला संधी, हे बागायतदाराला सांगायला नको. भिंगाचंही तसंच आहे. ओल रेंगाळली की बुरशीचे धागे पसरतात आणि काचेवरचा लेप खराब होतो. यावर फवारणी नाही.

उपाय मात्र दोन-चार रुपयांचा आहे. घरात शिरण्याआधी, बाहेरच्या गार हवेतच, यंत्र न फाटलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. आतली हवा दाबून काढा, तोंड घट्ट बांधा. मग खुशाल घरात ठेवा. दव पिशवीवर धरेल, काचेवर नाही. लहान यंत्राला तास, जड दुर्बिणीला दोन-तीन तास द्या; घाई करू नका. फोटो लगेच कचेरीत द्यायचे असतील तर मेमरी कार्ड बाहेरच काढून घ्या. यंत्र घरातल्याइतकं कोमट झालं की पिशवीतून काढा. तसंच आठवडाभर बांधून ठेवलं तर आतली ओल आतच कोंडते.

रिफ्रॅक्टोमीटरचं तर वेगळंच. काचेवर दव असताना रस टाकला की त्यात पाणी मिसळतं आणि ब्रिक्स कमी दिसतो. त्या आकड्यावर काढणी लांबवणार, मग व्यापाऱ्याशी बोलणी फिसकटणार!

काच ओली झालीच तर बाहीने पुसू नका, धुळीचे ओरखडे उठतात. चुलीजवळ ठेवू नका, स्वतः खोलूही नका. कॅमेरा असेल तर बॅटरी काढा आणि कोरड्या, सावलीच्या जागी राहू द्या. एरवी ठेवायच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात. रंग बदलणारी जेल असेल तर निळी ती कोरडी, गुलाबी झाली की ओली. ती तापवून पुन्हा वापरता येते, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नको.

आणि हे थंडीपुरतंच नाही बरं का. मार्च-एप्रिलात द्राक्षांच्या शीतगृहातून कॅमेरा बाहेर आणलात तरी हाच प्रकार होतो. तेव्हाही पिशवी आतच बांधा.