हिशेब आला, आर्जव राहिलं

सकाळी कोपऱ्यावरून पाव किलो साखर आणायला गेलेला मराठी माणूस तेवढ्या वेळात पाच-सहा अरबी शब्द सहज वापरतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. दुकान हा शब्द अरबीतून आला. किंमत, माल, वजन, रक्कम, हिशेब, जमा, खर्च, बाकी, नफा, वसूल हेही तिथलेच. दलाल, हमाल, सराफ आणि मालक ही माणसंही तिथलीच. पावतीवर आपण ‘अक्षरी रुपये पाचशे फक्त’ असं लिहितो, त्यातला ‘फक्त’सुद्धा अरबी. मेट्रिक मापं येण्यापूर्वी गिरगावात साखर रतलावर मिळायची, तो रतलही अरबी. बाजार आणि तराजू मात्र फारशी आहेत, बरं का.

इतकं भांडवल गाठीशी असल्यावर अरबी गिऱ्हाइकाशी, किंवा मस्कतच्या अरबी दुकानदाराशी, दोन वाक्यं बोलणं सोपं असायला हवं. पण तसं होत नाही. वरची यादी पुन्हा वाचून पाहा. हे सगळे शब्द खतावणीतले आहेत. आपण अरबीतून हिशेब घेतला. दुकानात शिरताना, वस्तू मागताना, भाव पाडताना आणि निघताना जे बोलायचं, ते आर्जव तिकडेच राहिलं. आणि अरबी दुकानात पहिला क्रमांक आर्जवाचा असतो, हिशेबाचा नंतर.

असं का झालं, याचं उत्तर शब्दांच्या प्रवासात आहे. अरबांचा आणि आपल्या किनाऱ्याचा संबंध फार जुना. अल-मसूदी हा प्रवासी इ.स. ९१६ च्या सुमारास सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला, येऊन गेला आणि तिथे राहणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांविषयी त्याने लिहून ठेवलं. पण आपल्या बोलण्यातले बहुतेक अरबी शब्द गलबतातून उतरलेले नाहीत. ते दफ्तरातून आले. १३४७ साली बहमनी राज्य झालं, पुढे निजामशाही, आदिलशाही आली. दरबाराची भाषा फारशी होती आणि फारशीच्या पोटात अरबी शब्द होते. याची खूण आजही कानाला कळते. आपण ‘किंमत’, ‘बरकत’, ‘हरकत’ म्हणतो. अरब बोलताना शेवटचा ‘त’ सोडून ‘कीमा’, ‘बरका’, ‘हरका’ म्हणतो. तो ‘त’ फारशीने धरून ठेवला आणि आपल्याला दिला. दुसरी खूण ‘ज’ची. आपला ‘कर्ज’ अरबाच्या तोंडी ‘कर्द’ होतो, ‘अर्ज’चा ‘अर्द’ होतो. हा ‘द’ जड, जीभ दातांमागे दाबून काढलेला. आखातातल्या दुकानांवर ‘अर्द खास’ अशी पाटी असते. खास अर्ज करा, असा त्याचा अर्थ नाही. ‘विशेष सवलत’ असा आहे. अरबीत अर्द म्हणजे समोर मांडणं. आपण साहेबापुढे कागद मांडतो, ते गिऱ्हाइकापुढे माल मांडतात.

शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. बाजारासाठी ‘पण्यवर्ग’ नावाचा वेगळा वर्गही त्यात आहे. राजसभेने त्यातले काही शब्द उचलले, बाजाराने फारसं ऐकलं नाही. दुकान ते दुकानच राहिलं.

आता दुकानात शिरू. आत पाऊल टाकताच ‘हे केवढ्याला?’ असं विचारणं आपल्याकडे, निदान दादरच्या रानडे रोडवर संध्याकाळी सहा वाजता, अगदी रीतसर आहे. तिथे दुकानदाराला वेळ नसतो आणि गिऱ्हाइकाला लोकल गाठायची असते. अरबी रीतीत मात्र हा उर्मटपणा. आधी ‘अस्सलामु अलैकुम’, त्याला उत्तर ‘व अलैकुमुस्सलाम’. सलाम नको असेल तर सकाळी ‘सबाह अल-खैर’ म्हणावं, म्हणजे शुभ सकाळ. त्याचं उत्तर ‘सबाह अन-नूर’, प्रकाशाची सकाळ. समोरच्याने शुभ दिलं, तर आपण त्यात उजेडाची भर घालून परत करायचं. संध्याकाळी सबाहच्या जागी ‘मसा’ येतं, एवढाच फरक.

मग दुकानदार म्हणतो, ‘तफद्दल’. बाईला ‘तफद्दली’. या एका शब्दात आपले ‘या’, ‘बसा’, ‘घ्या’, ‘बोला, काय देऊ?’ हे सगळे मावतात. दारात म्हटला तर आत या, वस्तू पुढे करून म्हटला तर ही घ्या. त्याच धातूवरून आपण म्हणायचं ते ‘मिन फद्लक’, म्हणजे तुमच्या कृपेने, कृपया. बाईशी बोलताना ‘मिन फद्लिक’. हा शेवटचा ‘अ’ आणि ‘इ’ सांभाळावा लागतो. मराठीत ‘आला’ आणि ‘आली’ सांभाळणाऱ्याला ते जड जाऊ नये. फजल हे नाव आपल्याला ठाऊक आहे, ते याच शब्दाचं फारशीतून आलेलं रूप. ‘लौ समहत’, म्हणजे आपली परवानगी असेल तर, हे आणखी मऊ. आता किंमत विचारायला हरकत नाही: ‘बिकम हादा?’ हे केवढ्याला?

इथे मुंबईकराचा कान फसतो, तो सांगायलाच हवा. भाव ऐकून अरब गिऱ्हाईक म्हणतं, ‘गाली!’ काउंटरवरचा पोरगा चिडतो, याने शिवी दिली म्हणून. तो घशातून काढलेला ‘ग’ आहे आणि शब्दाचा अर्थ ‘महाग’. त्याचा दुसरा अर्थ ‘प्रिय’ असाही होतो, म्हणून दुकानदाराकडे याचं एक सुंदर उत्तर तयार असतं: ‘मा यिग्ला अलैक’, तुमच्यापुढे काहीच महाग नाही. म्हणजे भाव खाली येतोच असं नाही, पण वातावरण खाली येतं. दुसरा फसवा शब्द ‘मा फी’. ऐकायला अगदी ‘माफी’. दुकानदार क्षमा मागत नसतो. वस्तू नाही, संपली, एवढंच सांगत असतो. आखातात चार दिवस राहिलेला मराठी माणूसही ‘माफी मुश्किल’ म्हणायला लागतो, म्हणजे काही अडचण नाही. आणि ‘खलास’ म्हणजे कुणी मेलं नाही. झालं, ठरलं, सौदा पक्का.

घासाघीस करण्यात तिथे कमीपणा नाही, फक्त ती हसत करावी. ‘आखिर कलाम?’ म्हणजे शेवटचा शब्द काय. आपण ‘शेवटचं बोला’ म्हणतो ते हेच. नाहीच जमलं, तर ‘नको’ म्हणून पाठ फिरवू नये. ‘इन्शा अल्लाह, मर्रा सानिया’, देवाची इच्छा असेल तर पुढच्या वेळी, असं म्हणून निघावं. साडीच्या दुकानात वीस साड्या उलगडायला लावून ‘जरा फिरून येतो’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांना या वाक्याचा खरा अर्थ समजावायला नको.

खरेदी झालीच, तर दुकानदार म्हणतो, ‘मब्रूक’. नवीन वस्तू घेतल्याचं हे अभिनंदन, आणि बरकतशी त्याचं रक्ताचं नातं आहे, ब-र-क या एकाच धातूतलं. आपल्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची पद्धत होती; तशीच काही ठिकाणी ‘बरकत’ म्हणायची. पैसे देताना कधी कधी तो ‘खल्लीहा अलैना’ही म्हणेल, म्हणजे राहू द्या, आमच्याकडून. कृपा करून ते खरं धरू नका! ओळखीच्या चिवडेवाल्याने ‘तुमच्याकडून काय पैसे घ्यायचे?’ म्हटलं, तर आपण पुडा उचलून चालू पडत नाही, तसंच. आग्रहाने पैसे द्यायचे, आणि उजव्या हाताने द्यायचे.

माणसाला हाक कशी मारायची, हा सगळ्यात नाजूक भाग. लालबागच्या मसाल्याच्या दुकानात ताई, काका, मावशी म्हटल्याशिवाय पुडी बांधली जात नाही. अरबीतही ‘या अखी’ म्हणजे भाऊ, ‘या उख्ती’ म्हणजे ताई. वयस्कर माणसाला हजला गेला असो वा नसो, ‘या हज्जी’ म्हणतात. पण आखातात आपल्याकडच्या कामगाराला ‘रफीक’ म्हणून हाक येते. शब्दाचा अर्थ सोबती, मित्र. आवाजात मात्र पुष्कळदा ‘ए, इकडे ये’ असतं. आपणही मुंबईत अनोळखी कामकऱ्याला ‘ए भय्या’ म्हणतो, तेव्हा त्यातला भाऊ किती उरलेला असतो? याच्या उलट एक वाक्य मला फार आवडतं, आणि मराठीत त्याच्या तोडीचं मला सापडलेलं नाही. काम करणाऱ्या माणसाजवळून जाताना, मग तो हमाल असो, झाडूवाला असो की गल्ल्यावर बसलेला असो, अरब म्हणतात, ‘अल्लाह यअतीक अल-आफिया’, देव तुला बळ देवो. उत्तर येतं, ‘अल्लाह यआफीक’. घेणं ना देणं, पण त्या माणसाचे कष्ट कुणीतरी पाहिले, हे त्याला कळतं.

हे सगळं मुंबईत कशाला, असं कुणी विचारील. आखाती पाहुणे आपला पाऊस बघायला मुंबईत येत, हे जुन्या लोकांना आठवत असेल. कुलाब्यापासून मोहम्मद अली रोडपर्यंतच्या दुकानदारांना त्यांच्यापुरतं अरबी आपसूक यायचं. पण पश्चिम आशियातून उपचारांसाठीही लोक भारतात येतात, मुंबईतही येतात. आणि परळ, गिरगाव हा तर रुग्णालयांचाच भाग. आजारी माणसाचा सोबती खरेदीच्या हौसेने दुकानात शिरत नाही. त्याला औषध, पाणी, फळं, साबण हवा असतो. भाषा येत नसते आणि आपण फसवले जाऊ ही धास्ती असते. त्याला ‘दवा’ हा एक शब्द पुरतो, कारण आपल्या दवाखान्यात तो आधीच बसलेला आहे. अशा वेळी औषध पुढे करताना ‘तफद्दल’ म्हणावं, आणि रुग्ण पुरुष असेल तर ‘अल्लाह यश्फीह’, स्त्री असेल तर ‘अल्लाह यश्फीहा’, देव बरं करो. रुग्णच समोर उभा असेल तर ‘सलामतक’, बाईला ‘सलामतिक’. आपल्या ‘सलामत’चंच हे रूप. आणि पाहुण्याने पाचही बोटांची टोकं जुळवून, वर धरून हात हलवला, तर तो ‘काय रे?’ म्हणून दरडावत नसतो. तो ‘जरा थांबा’ म्हणत असतो.

देवाणघेवाण एकाच बाजूने झालेली नाही, हेही सांगायला हवं. आखातातले मोत्यांचे व्यापारी मुंबईत येऊन राहत. तिकडे कुवेत, बहरीन, कतारमध्ये आपला रुपयाच चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या भागासाठी वेगळा रुपया काढला. कुवेतने १९६१ मध्ये, बहरीनने १९६५ मध्ये आणि कतारने १९६६ मध्ये स्वतःचं चलन आणलं. पण ओमानच्या रियालचे आजही हजार ‘बैसा’ होतात, आणि बैसा म्हणजे आपला पैसा. आखाती बोलीत सरळ जा सांगायला ‘सीदा’ म्हणतात, जोड्याला ‘जूती’. आपण ज्याला रक्कम म्हणतो तो मुळात ‘रकम’, म्हणजे आकडा; अनेकवचन ‘अर्काम’. अरब देशांत जे आकडे लिहितात, त्यांना अरब स्वतः ‘अर्काम हिंदिय्या’ म्हणतात, हिंदी आकडे.

निघताना ‘शुक्रन’, त्याला उत्तर ‘अफ्वन’, मग ‘मअस्सलामा’. जाता जाता पाहुणा कधी ‘खल्ली अल-बाकी’ म्हणतो. इथे ‘बाकी’ हा ओळखीचा शब्द ऐकून आपला टॅक्सीवाला किंवा दुकानदार लगबगीने सुटे पैसे मोजायला लागतो. पाहुण्याने मात्र उरलेले पैसे तुमच्याकडेच ठेवा, असं सांगितलेलं असतं.