टेम्पो : एका परक्या शब्दाचा संसार

वर्गात एकदा सहज विचारले, "टेम्पो हा शब्द कोणत्या भाषेतला?" मागच्या बाकावरून चटकन उत्तर आले, "मराठीच की, सर!" मला हसू आले, पण उत्तर चूक म्हणवेना.

वाचकहो, हा शब्द मूळचा इटालियन. जर्मनीत तो 'वेग' या अर्थाने रुळला आणि हँबुर्गच्या विडाल कारखान्याने तो आपल्या तीनचाकी मालगाड्यांना दिला. महायुद्धाने जर्मन शहरे बेचिराख झाली होती. लोकांजवळ पैसा नव्हता. पण विटा, कोळसा, भाजीपाला तर पोहोचवायलाच हवा! ज्यांना चार चाके परवडत नव्हती, त्यांची नड तीन चाकांनी भागवली. विमाने बांधण्यास बंदी झालेल्या मेसरश्मिटनेही 1953 पासून काचेच्या टपाची चिमुकली तीनचाकी मोटार विकायला काढली.

विडालची 'हान्सिआट' 1949 ची. पुढे एकच चाक, त्यावर लांबट नाकाड आणि त्यात लहानसे इंजिन. ते पुढचे चाकच गाडी ओढी. पुढे जर्मनीत सुबत्ता आली आणि 1956 मध्ये ही गाडी तेथे बंद झाली.

तिचा दुसरा जन्म महाराष्ट्रात झाला. त्या वेळच्या अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने 1958 साली 'बजाज टेम्पो' ही कंपनी स्थापन झाली आणि विडालच्या सहकार्याने हान्सिआट इथे बनू लागली. गावोगावच्या बाजारपेठांत ती कांद्याची पोती वाहू लागली, माणसेही वाहू लागली. त्या नाकाडामुळे लोकांनी तिला 'डुक्कर' म्हटले; पण पोट तिच्यावरच भरले.

माझ्या लहानपणी आम्ही जुन्या नाशकातला वाडा सोडून सिडकोत आलो, ते अशाच गाडीतून. आईने तुळशीची कुंडी मांडीवर घेतली होती. सारा संसार एका खेपेत मावला, याचे तिला वाईट वाटले की समाधान, हे मी तिला कधी विचारले नाही.

आज जर्मनीत 'टेम्पो' म्हटले की लोकांना आठवतो तो त्या नावाचा कागदी हातरुमाल. आपल्याकडेही कंपनीचे नाव 2005 मध्ये बदलून 'फोर्स मोटर्स' झाले. पण घर हलवायचे ठरले, की दारात उभी राहणारी चारचाकीसुद्धा टेम्पोच! ज्या शब्दाने आपली भांडीकुंडी वाहिली, त्याला परका कोण म्हणेल? त्या मुलाला मी पुरे गुण दिले.