जुन्या घरांची विक्री आणि दुरुस्तीचे कर्ज : मोहाडी परिसराच्या संदर्भात

भंडारा-तुमसर मार्गावरील मोहाडी व तिच्या आसपासच्या खेड्यांतील जुने घर म्हणजे मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब आणि वर कवेलूंचे छप्पर. मृगापूर्वी दरवर्षी शाकारणी करावयाची. माकडांनी कवेलू फोडले तर पुन्हा करावयाची. आंधळगावासारख्या कोशाच्या विणकामाबद्दल प्रसिद्ध असलेल्या गावी घर हेच कामाचेही ठिकाण. घर नांदते असते तोवर त्यातील उणिवा कोणास टोचत नाहीत. परंतु मुले नागपुरास वा पुण्यास स्थिरावली आणि वृद्ध मालकाने ते विकावयास काढले, म्हणजे गिऱ्हाईक प्रथम शौचकूप व छप्पर यांची चौकशी करते. बोलणी मग केवळ जागेच्या मोलावर येऊन ठेपतात.

अशा वेळी दुरुस्तीचे कर्ज विक्रीस साहाय्यक ठरू शकते काय? ते विक्रेत्याने काढावे, हा पहिला मार्ग. हा मार्ग सदोष आहे. जेथे वर्षाकाठी मोजकीच घरे विकली जातात, तेथे भाव ठरण्यापूर्वीच कर्ज अंगावर घेणे आणि ग्राहक न मिळाल्यास हप्ते फेडीत बसणे, हे वृद्ध मालकास परवडणारे नव्हे. शिवाय त्याने केलेली दुरुस्ती ग्राहकाच्या पसंतीस उतरेलच, असेही नाही.

दुसरा मार्ग, खरेदी व दुरुस्ती यांचे एकत्रित कर्ज ग्राहकास देणे, हा होय. कल्पित आकड्यांनी हे स्पष्ट होईल. घराची किंमत ६ लाख रुपये व दुरुस्तीचा खर्च ३ लाख रुपये समजू. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जास मालमत्तेच्या मूल्याच्या ९० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. आजच्या स्थितीतील मूल्य धरल्यास कर्ज फार तर ५ लाख ४० हजार मिळेल; उरलेले ६० हजार आणि दुरुस्तीचे ३ लाख ग्राहकाने रोख उभे करावयाचे. दुरुस्तीनंतरचे मूल्य ९ लाख मानून कर्ज दिल्यास त्यास स्वतःचे ९० हजार पुरतात. घर तेच, भाव तोच. पण ग्राहकाचा वर्ग बदलतो. एखादा शिक्षक वा विणकर आता खरेदीचा विचार करू शकतो.

अमेरिकेत राष्ट्रीय गृहनिर्माण अधिनियमाच्या २०३(क) या कलमाखाली, विशेषतः १९७८ च्या सुधारणेनंतर, नेमकी हीच पद्धत रूढ झाली. दुरुस्तीची रक्कम ग्राहकाच्या हाती न देता ती वेगळी राखून ठेवतात आणि काम तपासून टप्प्याटप्प्याने मोकळी करतात. आपल्याकडे खरेदीचे कर्ज आणि दुरुस्तीचे कर्ज हे सामान्यतः दोन निराळे व्यवहार मानले जातात. आयकर अधिनियम, १९६१ मध्येही हा भेद होता : स्वतः राहत्या घराच्या खरेदी अथवा बांधकामासाठीच्या कर्जावरील व्याजाची वजावट २ लाखांपर्यंत, तर दुरुस्तीच्या कर्जावरील केवळ ३० हजारांपर्यंत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात २०१६ पासून सपाट प्रदेशात १ लाख २० हजारांचे साहाय्य ठरले, तेही मुख्यतः नव्या पक्क्या घरासाठी. जुने घर सावरण्यापेक्षा पाडणेच यामुळे सोयीचे वाटू लागते.

तथापि मोहाडी परिसरातील खरी अडचण छपरापेक्षा कागदाची आहे. गावठाणातील घरास पुष्कळदा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा एवढाच आधार असतो. ही करआकारणीची नोंद होय, मालकीचा पुरावा नव्हे. तिच्यावर विसंबून बँक तारण स्वीकारण्यास कचरते आणि दुरुस्तीनंतरच्या मूल्याचा प्रश्नच उद्भवत नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारा गावठाणांची मोजणी करून मिळकतपत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. महाराष्ट्र हे तिच्या पहिल्या राज्यांपैकी एक होते. मात्र ही योजना ग्रामीण वस्तीपुरती आहे. मोहाडी गाव स्वतः नगरपंचायतीखाली असल्याने तेथे नगरभूमापनाची वाट निराळी.

मिळकतपत्रिका हाती आली तरी तीवर आजोबांचेच नाव असेल, तर वारसांची संमती लागते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींनाही मुलांइतकाच सहदायाद हक्क मिळाला. सासरी गेलेल्या बहिणींच्या सह्या वगळून केलेला व्यवहार म्हणूनच बँकेचा वकील संमत करीत नाही. कर्जाच्या अर्जापूर्वी हे सर्व उरकावे लागते, आणि त्या अवधीत एखादा पावसाळा मध्ये आला तर दुरुस्तीचा अंदाजही नव्याने करावा लागतो.